हवं ते मागता यावं म्हणून

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची जिथे मायेने काळजी घेतली जाते, तिथे एक गोष्ट हमखास दिसते. त्याला तहान लागायच्या आत पाणी पुढे येतं. जेवणाची वेळ झाली की ताट येतं, अंगावर ऊन आलं की खुर्ची सावलीत सरकते, तो जरा चुळबुळला की कोणीतरी त्याला बाथरूमला नेऊन आणतं. यात वावगं काहीच नाही. पण अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसावर स्वतःहून काही मागायची वेळच येत नाही. वर्षं जातात आणि मग सगळेच म्हणू लागतात, "त्याला काही सांगता येत नाही."

यातल्या बऱ्याच जणांना सांगायला शिकवता येतं. शब्द येत नसले तरी, आणि वय वाढलेलं असलं तरी. त्यासाठीच्या पद्धती समजायला सोप्या आहेत. रोजच्या धबडग्यात त्या नेटाने पाळणं मात्र कठीण जातं.

'तीव्र' म्हणजे किती, ते थोडक्यात सांगते. पूर्वी हे फक्त बुद्ध्यांकावरून ठरायचं. साधारण २०-२५ ते ३५-४० या पट्ट्यात बुद्ध्यांक असला तर तीव्र, त्याखाली अतितीव्र. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत भर आकड्यावरून हलला आणि रोजच्या जगण्यात माणसाला किती आणि कशी मदत लागते यावर आला. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हेच जास्त उपयोगाचं आहे. अशा अनेकांना मोजके शब्द येतात किंवा अजिबात येत नाहीत. सोबत फिट्स, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, कमी दिसणं, कमी ऐकू येणं यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून शिकवायला बसण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायलाच हवेत. ज्याला चित्र दिसतच नाही त्याच्यापुढे चित्र-कार्डं ठेवून 'शिकत नाही' असा शेरा मारणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो होतो.

मागणंच आधी का

सवयीने आपण नावं शिकवण्यापासून सुरुवात करतो. चित्रं मांडून "कप कुठाय?" विचारतो, मूल बरोबर चित्राला हात लावतं, आपण शाबासकी देतो. तेच मूल तहान लागल्यावर रडून गोंधळ घालतं आणि कपाच्या चित्राकडे बघतही नाही. आपण चक्रावतो. चित्र तर ओळखतं, मग दाखवत का नाही?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली भाषेचं जे विश्लेषण मांडलं, त्यात याचा उलगडा सापडतो. आपण काय बोलतो यापेक्षा ते कशामुळे बोलतो आणि बोलल्यावर काय मिळतं, इकडे त्यांनी लक्ष वेधलं. समोर पाणी दिसलं म्हणून त्याचं नाव घेणं हे एक काम. त्यामागे वस्तू असते, आणि नाव घेतल्यावर मिळते ती कौतुकाची थाप. तहान लागली म्हणून पाणी मागणं हे दुसरंच काम. त्यामागे गरज असते आणि मिळतं ते प्रत्यक्ष पाणी. ज्यांना शिकायला खूप वेळ लागतो त्यांच्यात एक काम आलं की दुसरं आपोआप येईल, असं धरून चालता येत नाही. मागणं वेगळं शिकवावं लागतं. त्यातही ते शिकण्यात ज्याचा फायदा आहे तो शिकणारा स्वतः असतो, म्हणून माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. स्वतःचं डोकं आपटणं, हात चावणं, दुसऱ्याला मारणं, वस्तू फेकणं याकडे लोक 'स्वभाव' किंवा 'आजाराचा भाग' म्हणून बघतात. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड या अमेरिकन संशोधकांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांबरोबर केलेला अभ्यास या विषयात मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी आधी शोधलं की कोणतं मूल केव्हा बिथरतं. दिलेलं काम जड गेलं की काहींचं वागणं बिघडायचं. मोठ्यांचं लक्ष नसलं की काहींचं. मग मुलांना त्या त्या गरजेचं वाक्य शिकवलं. काम जड जाणाऱ्यांना 'मला कळत नाही' असं म्हणून मदत मागायला, आणि लक्ष हवं असणाऱ्यांना 'मी नीट करतोय का?' असं विचारायला. गरजेला जुळणारं वाक्य आलं, तेव्हा बिघडलेलं वागणं खूप कमी झालं. न जुळणारं वाक्य शिकवून काही उपयोग झाला नाही.

या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. ज्याला कामातून सुटका हवी आहे, त्याला खाऊ मागायला शिकवून त्याचं डोकं आपटणं थांबणार नाही. आधी कशासाठी आपटतोय ते बघावं लागतं. हे कधीपासून सुरू झालं, त्याआधी काय घडलं, त्यानंतर आपण काय केलं हे काही दिवस लिहून काढलं, तर बरंचसं उमगतं. आणि एकाएकी सुरू झालं असेल तर आधी दात, कान, पोट तपासून घ्या. वेदना सांगायचाही त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. कार आणि ड्युरांड यांची मुलं बोलू शकत होती, पण पुढे हीच पद्धत न बोलणाऱ्यांसाठी कार्डं, खुणा आणि बटणं वापरून राबवली गेली.

त्याला नेमकं काय आवडतं

मागायला शिकवायचं तर मागावंसं वाटेल असं काही हवं. इथे जवळची माणसं छातीठोकपणे सांगतात, "मला माहितीये त्याला काय आवडतं." त्यांचं म्हणणं नक्की ऐकावं, पण ताडून घ्यावं. अतितीव्र अक्षमता असलेल्या व्यक्तींबाबत १९८८ साली एका अभ्यासात कर्मचाऱ्यांचे अंदाज आणि पद्धतशीर निरीक्षण समोरासमोर ठेवून पाहिले होते. ते जुळले नाहीत.

ताडून घ्यायची रीत साधी आहे. दोन वस्तू समोर धरायच्या आणि काय होतं ते बघायचं. मग जोड्या बदलायच्या, डावी-उजवी बाजू बदलायची, कारण काही जण कायम एकाच बाजूला हात घालतात. ज्यांचा हात उठत नाही त्यांच्याबाबतीत नजर कुठे टिकते, मान कुठे वळते, अंग सैल होतं की ताठ, आवाज बदलतो का, श्वास क्षणभर थांबतो का, हे टिपायचं. खाण्यापिण्याच्या पलीकडेही बघा. कंप पावणारी उशी, ठरावीक गाण्याचा पहिला तुकडा, पंख्याचा वारा, केसांतून फिरणारा हात, कोणीतरी शेजारी येऊन बसणं, या सगळ्या मागण्यासारख्या गोष्टी आहेत. आवडही बदलते. पोट भरलेल्याला खाऊचं काय? कालची हवीहवीशी वस्तू आज त्याने ढकलून दिली, तर ती आजपुरती बाजूला ठेवावी.

कशाने मागायचं

शब्द, हाताची खूण, खरी वस्तू, फोटो, चित्र, दाबलं की ध्वनिमुद्रित वाक्य बोलणारं बटण, टॅबलेट. यांपैकी काहीही चालतं. हाताची खूण कायम सोबत असते, पण अनोळखी माणसाला ती कळत नाही आणि बोटं वळत नसतील तर ती जमत नाही. चित्र कोणालाही कळतं, पण चित्र म्हणजे ती वस्तू हे त्या व्यक्तीला कळायला हवं. कळत नसेल तर खऱ्या वस्तूपासून सुरू करावं. रिकामा पेला हातात दिला की प्यायला हवं, टॉवेल दिला की आंघोळ. शरीराची हालचाल अगदी मोजकी असेल तर हनुवटीने, गुडघ्याने किंवा गालाने दाबता येतील असे स्विच असतात. इटलीतल्या जुलिओ लान्चोनी यांनी अनेक अपंगत्वं एकत्र असलेल्या माणसांबरोबर यावर आयुष्यभर काम केलंय.

निवडताना एक कसोटी विसरू नये. नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा सोपी आणि झटपट फळ देणारी हवी. किंचाळलं की दोन सेकंदांत तिघे धावत येतात, आणि कार्ड दाखवलं तर "हो हो, थांब जरा" ऐकू येतं, असं असेल तर कोणीही शहाणा माणूस किंचाळणंच निवडेल.

पहिली खूण म्हणून 'अजून हवं' शिकवायची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. मला ती तितकीशी पटत नाही. ती खूण सगळीकडे चालते, म्हणून तो सगळीकडे तीच करतो, आणि समोरच्याला कळत नाही की अजून काय हवं. दोघेही वैतागतात. एका ठरावीक, अत्यंत आवडत्या गोष्टीची स्वतःची खूण किंवा कार्ड असणं बरं. पाच-सहा वेगळ्या मागण्या पक्क्या झाल्या की 'अजून' शिकवायला हरकत नाही.

पालकांच्या मनात एक भीती असते, की कार्ड किंवा यंत्र दिलं तर उरलंसुरलं बोलणंही जाईल. २००६ साली डायान मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. भरवशाचा पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंसंच, आणि बाकीचे होते तसेच राहिले. तेव्हा थोडंसंच, हे लक्षात ठेवून पण निर्धास्तपणे सुरुवात करावी.

प्रत्यक्ष शिकवताना

अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात चित्र देवाणघेवाणीची एक पद्धत विकसित केली, सहा टप्प्यांची. तिचा पहिला टप्पा जवळून बघण्यासारखा आहे.

दोन मोठी माणसं लागतात. एक समोर बसते, तिच्या हातात आवडती वस्तू. दुसरी शिकणाऱ्याच्या पाठीमागे. मधे टेबलावर एकच कार्ड. समोरची व्यक्ती काहीही विचारत नाही, फक्त वस्तू दिसेल अशी धरते. शिकणाऱ्याचा हात वस्तूकडे झेपावला की मागची व्यक्ती तो हळूच कार्डाकडे वळवते, कार्ड उचलायला आणि समोरच्या तळहातावर ठेवायला मदत करते. कार्ड तळहातावर पडताक्षणी वस्तू त्याच्या हातात, आणि सोबत तिचं नाव: "चेंडू!" झालं. हेच पुन्हा. मग मागची व्यक्ती मदत शेवटून काढत आणते. आधी तळहातावर सोडण्याची, मग पुढे नेण्याची, शेवटी उचलण्याची. या सगळ्यात मागची व्यक्ती चकार शब्द काढत नाही. तिने बोललं की शिकणारा मागे वळून बघतो, आणि त्याला तर समोरच्याशी बोलायला शिकायचंय.

समोरच्याने "काय हवं?" का विचारायचं नाही? कारण मग मागणी त्या प्रश्नाला बांधली जाते. पुढे कोणी विचारलं तरच तो मागतो, आणि विचारणारा खोलीत नसेल तर गप्प बसून राहतो. मदतीचंही तेच. शब्दाची मदत काढून घेणं हाताच्या मदतीपेक्षा जास्त जड जातं, असा बऱ्याच शिक्षकांचा अनुभव आहे.

मग प्रश्नाऐवजी काय करायचं? थांबायचं. १९७९ साली प्रसिद्ध झालेला जेम्स हॅल आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. एका निवासी संस्थेत बोलणं फार मागे राहिलेली सहा मुलं होती. जेवणाचा ट्रे घ्यायला मूल आलं की कर्मचारी लगेच तो देऊन टाकत. बदल एवढाच केला की ट्रे हातात धरून १५ सेकंद थांबायचं, मुलाकडे बघत. सहापैकी तिघं एवढ्यानेच मागू लागली. दोघांना १५ सेकंदांनंतर कसं म्हणायचं ते म्हणून दाखवावं लागलं. एकाला खास सराव द्यावा लागला. म्हणजे निम्म्यांना मागता येत होतंच, फक्त त्यांच्यासाठी कोणी थांबत नव्हतं. १५ सेकंद थांबून बघा, म्हणजे ते किती लांब वाटतात ते कळेल. आपलं तोंड उघडतंच. ज्यांचे स्नायू किंवा प्रतिसाद मंद आहेत त्यांना याहूनही जास्त वेळ लागतो.

अजून एक उपाय म्हणजे ओळखीच्या कामात मधेच खंड पाडणं. एक बूट घालून झाला, दुसरा आपल्या हातात आणि आपण थांबलो. गाणं सुरू होतं, ते थांबलं. झोका मागे ओढून धरला. काम अर्धं राहिलेलं असतं, ते पूर्ण करायची ओढ असते, आणि त्या ओढीतून मागणी निघते. खंड कुठे पाडायचा हे बघून ठरवावं. ज्यात त्याला काहीच रस नाही तिथे थांबून उपयोग नाही, आणि ज्यात खंड पडल्यावर तो पार कोसळतो तिथे तर पाडूच नये.

इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायची आहे. जेवण, पाणी, औषध, शौचाला जाणं, ऊब, वेदनेवरचा इलाज या गोष्टी मागितल्याशिवाय मिळणार नाहीत, असं कधीही करायचं नाही. हॅल यांच्या मुलांनाही १५ सेकंदांनंतर न मागता ट्रे मिळतच होता. क्षणभर थांबणं वेगळं आणि अडवून धरणं वेगळं. पहिल्याने शिक्षण होतं, दुसऱ्याने छळ.

कार्ड देतोय म्हणजे कळून देतोय, हेही ताडून बघावं. त्याने चेंडूचं कार्ड दिलं की चेंडू आणि दुसरी एखादी वस्तू दोन्ही समोर धरा. त्याने दुसरीच उचलली, तर त्याच्या लेखी ते कार्ड म्हणजे 'काहीतरी मिळतं' एवढंच आहे. तेही शिकणंच आहे, पण अजून काम बाकी आहे.

हात धरून मदत करताना आणखी एक धोका आहे. अक्षरफलकावर हात धरून 'त्याच्याकडून' टाइप करून घेण्याची एक पद्धत १९९० च्या सुमारास बरीच पसरली होती. तपासणीत मदतनीस आणि ती व्यक्ती यांना वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा टाइप झालं ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं नाव. मदतनीस अनेकदा प्रामाणिक होते, आपला हात बोलतोय हे त्यांनाच कळत नव्हतं. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने १९९४ साली या पद्धतीविरुद्ध ठराव केला. म्हणून हाताची मदत पहिल्या दिवसापासून कमी करत न्यायची असते. जी मदत कमी होतच नाही, तिच्यातून येणारं बोलणं कोणाचं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

'नको' सुद्धा मागणीच

घरातही आणि शाळेतही हे राहून जातं. हवं ते मागायला आपण आनंदाने शिकवतो. नको म्हणायला, थांबवायला, विश्रांती मागायला शिकवताना हात आखडता घेतो, कारण मग आपलं वेळापत्रक कोलमडतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संयुक्त समितीने तीव्र अक्षमता असलेल्यांच्या संवादाच्या हक्कांची सनद १९९२ साली काढली आणि २०१६ साली सुधारली. नको असलेली वस्तू, कृती किंवा निवड नाकारण्याचा हक्क तिच्यात आहे. मान फिरवणं, हाताने दूर सारणं हे 'नको' म्हणून मान्य करायला सुरुवात केली, की चावायची वेळ पुष्कळदा येत नाही. आणि ज्याला 'नको' म्हणता येतं, त्याला नकोशा स्पर्शालाही ते म्हणता येण्याची शक्यता वाढते.

अर्थात प्रत्येक नकार पाळता येत नाही. इंजेक्शन घ्यावंच लागतं. तेव्हा "तुला नकोय, कळलं मला" एवढं तरी म्हणावं, आणि पुढच्या ज्या नकाराला मान देता येईल त्याला आवर्जून द्यावा.

मागणं जमलं की काही दिवस मागण्यांचा पूर येतो. दर मिनिटाला तेच कार्ड. पहिल्या आठवड्यांत शक्य तितक्या वेळा द्यावं, पण कायम ते शक्य नसतं. त्यावर उपाय म्हणजे 'थांब' शिकवणं, तेही दोन-तीन सेकंदांपासून. तो थांबला की लगेच वस्तू द्यायची आणि हळूहळू वेळ वाढवायची. दुसरा मार्ग रंगांचा: एका रंगाचं कार्ड लावलेलं असेल तेव्हा मागितलं की मिळतं, दुसऱ्या रंगाचं असेल तेव्हा आत्ता नाही. वैतागून कार्डच कपाटात ठेवून देणं हा मात्र उपाय नाही. तसं करणं म्हणजे त्याचं तोंड दाबून धरण्यासारखं आहे.

शिकलेलं एका खोलीत, एका शिक्षिकेपुरतं अडकून राहणं ही नेहमीची अडचण. पहिल्या काही दिवसांतच दुसरी माणसं, दुसऱ्या खोल्या, वेगळ्या वेळा आणाव्यात. कार्डं त्याच्या अंगावर, गळ्यातल्या पिशवीत किंवा खुर्चीला लावलेली असावीत. आणि एक कागद तयार करावा, तीन रकान्यांचा: तो काय करतो, त्याचा अर्थ काय, आपण काय करायचं. 'डाव्या हाताने मांडीवर दोनदा मारतो. गाणं हवं आहे. पहिल्या मारण्याला उत्तर द्या, नाहीतर तो स्वतःचा हात चावतो.' अशा भाषेत. काळजी घेणारं माणूस बदलतं, शाळा संपते, हॉस्पिटलात राहावं लागतं, तेव्हा वर्षांची मेहनत एका दिवसात वाया जाऊ शकते. हा कागद नव्या माणसाने पहिल्याच दिवशी वाचायला हवा, आणि नवी खूण आली की त्यावर तारीख घालून ती लिहायला हवी.